रक्त धुणारें यंत्र आणि त्याचें पाणी

मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचीं, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. तीं दिवसाकाठीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळून काढतात, त्यांतील उपयुक्त असा जवळजवळ सर्व भाग रक्ताला परत करतात, आणि उरलेला लिटर-दीड लिटर टाकाऊ भाग बाहेर सोडतात. हें काम इतकें निमूटपणें चालतें कीं, हृदयावर सर्व देशींच्या कवींनीं कविता केल्या, पण मूत्रपिंडाकडे कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. तें काम बंद पडलें म्हणजे मात्र त्याची महती कळते. युरिया, पोटॅशियम, आम्लें रक्तांत सांचूं लागतात. अंगावर सूज चढते, ओकाऱ्या सुरू होतात, श्वासाला दर्प येतो, हळूहळू शुद्धि हरपते, आणि मनुष्य दगावतो. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट या डॉक्टरनें १८२७ सालीं या विकाराचें पद्धतशीर वर्णन करून ठेविलें. त्यानंतर शंभरांवर वर्षें वैद्यकाच्या हातीं वर्णनापलीकडे फारसें कांहीं नव्हतें.

आज या रोग्यांना डायलिसिसचें यंत्र जगवितें. जगांतील लक्षावधि माणसें आठवड्यांतून दोन-तीन वेळां, सुमारें चार चार तास, त्या यंत्राजवळ बसून आपलें रक्त धुवून घेतात आणि उरलेल्या वेळांत आपला संसार करतात. या यंत्राची कथा बहुधा एका शोधकाच्या विजयाची कथा म्हणून सांगण्यांत येते, आणि पहिला रोगी वांचला कीं ती संपविण्यांत येते. वस्तुस्थिति अशी आहे कीं, रक्त शरीराबाहेर काढून धुतां येतें हें सिद्ध करण्यास जितकीं वर्षें लागलीं, त्याहून अधिक वर्षें तें धुणें निर्धोक करण्यांत गेलीं; आणि या दुसऱ्या कामांतील बहुतेक धडे रोग्यांच्या जिवावर गिरविले गेले.

मूळ कल्पना वैद्याची नव्हती, रसायनशास्त्रज्ञाची होती. ग्लासगो येथें जन्मलेला थॉमस ग्रॅहॅम हा पुढें लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख झाला. १८६१ सालीं त्यानें आपले कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. चाळणीच्या कड्यासारख्या एका गोल कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून बसवावयाचा, त्यांत एखादें द्रावण ओतावयाचें, आणि तें कडें पाण्यावर तरंगत ठेवावयाचें. द्रावणांत मीठ किंवा साखर असली तर ती कागदांतून पार होऊन खालच्या पाण्यांत उतरे. डिंक किंवा सरस असला तर तो वरच राही. निवड करण्याच्या या क्रियेला त्यानें डायलिसिस हें नांव दिलें. याच रीतीनें त्यानें मूत्रांतील युरियाहि निराळा करून दाखविला. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावयास हवी. मीठ कोणतें आणि विष कोणतें हें त्या कागदाला कळत नाहीं. कण पुरेसा लहान असला कीं तो पार होतो, आणि जिकडे त्याचें प्रमाण कमी असेल तिकडे जातो. मग ती बाजू बाहेरची असो वा आंतली. ग्रॅहॅमच्या या साध्या नियमांत पुढच्या सर्व कथेचें यश सांठविलेलें आहे, आणि तींतील अपघातहि.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, जॉन एबल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनीं १९१३ च्या सुमारास हा नियम जिवंत प्राण्याच्या रक्ताला लावून पाहिला. कुत्र्याचें रक्त शरीराबाहेर काढून त्यांनीं तें कोलोडियनच्या बारीक नळ्यांच्या जुडग्यांतून फिरविलें, नळ्यांभोंवतीं खारें पाणी ठेविलें, आणि धुतलेलें रक्त पुन्हां त्याच्या शिरेंत सोडलें. ‘कृत्रिम मूत्रपिंड’ हें नांव तेव्हांपासूनचें. मोठी अडचण होती ती रक्त गोठण्याची. तें गोठूं नये म्हणून जळवांच्या डोक्यांतून काढलेला हिरुडिन नांवाचा पदार्थ ते वापरीत. जळवा लावण्याची चाल आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासूनची. जळू सुटल्यावरहि जखम बराच वेळ वाहत राहते हें ज्यानें ती लावून घेतली आहे त्याला सांगावयास नको. तो गुण याच पदार्थाचा. पहिलें महायुद्ध सुरू झालें, युरोपांतून येणाऱ्या जळवा बंद झाल्या, आणि प्रयोगहि थंडावले.

जर्मनींत गीसेन येथें गेऑर्ग हास यानें १९२४ सालीं पहिल्यानें मनुष्याचें रक्त अशा रीतीनें धुतलें. तें धुणें पंधरा मिनिटें चाललें. रोग्याला अपाय झाला नाहीं. गुण येण्यासारखाहि तो वेळ नव्हता. हासनें आणखी कांहीं रोग्यांवर प्रयोग केले, पण त्याला कोणाचें साहाय्य मिळालें नाहीं, आणि १९२८ नंतर त्यानें तो नाद सोडला. दरम्यान दोन गोष्टी निराळ्याच वाटांनीं तयार होत होत्या. रक्त गोठूं न देणारा हेपॅरिन हा पदार्थ १९१६ मध्यें जॉन्स हॉपकिन्सच्याच प्रयोगशाळेंत हातीं आला होता, व पुढें कॅनडांतील टोरांटो येथें तो शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आला. दुसरी गोष्ट म्हणजे सेलोफेन. युरोप-अमेरिकेंतील खाटीक मांसाचा खिमा ज्या नळ्यांत भरून विकतात, त्या नळ्या याच पारदर्शक पदार्थाच्या होऊं लागल्या होत्या. ग्रॅहॅमच्या कागदाचें काम त्या कागदाहून फार चांगलें करणारा पडदा खाटकाच्या दुकानांत तयार होता. त्याच्याकडे वैद्याच्या दृष्टीनें पाहणारा माणूस तेवढा हवा होता.

विलेम कोल्फ हा १९३८ सालीं उत्तर हॉलंडांतील ग्रोनिंगेनच्या विद्यापीठ-रुग्णालयांत उमेदवारी करणारा तरुण डॉक्टर होता. त्याच्या देखरेखीखालील एका खाटेवर २२ वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. मूत्रपिंडें निकामी होऊन त्याची दृष्टि जात चालली होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. काळा पोशाख आणि पांढरी टोपी घातलेली त्याची खेडवळ आई भेटीस आली, तेव्हां तिचा मुलगा वांचणार नाहीं हें तिला सांगण्याचें काम कोल्फवर आलें. त्या मुलाच्या मृत्यूनंतर कोल्फनें हिशेब मांडला. रोज सुमारें २० ग्रॅम युरिया त्याच्या रक्तांतून काढतां आला असता तर तो जगला असता. वीस ग्रॅम म्हणजे दोन तोळेहि नव्हेत. एवढ्याशा ओझ्यापायीं जीव जावा हें त्याला पटेना. त्यानें सेलोफेनच्या नळीच्या एका तुकड्यांत थोडें रक्त व त्यांत युरिया घालून तोंडें बांधलीं, आणि ती नळी मिठाच्या पाण्यांत हालविली. अर्ध्या तासांत जवळजवळ सर्व युरिया पाण्यांत उतरलेला होता.

त्याचे वरिष्ठ प्राध्यापक पोलाक डॅनियल्स हे या वेडाला उत्तेजन देणारे होते. १० मे १९४० रोजीं जर्मन सैन्य हॉलंडांत शिरलें. कोल्फ त्या वेळीं पत्नीच्या आजोबांच्या अंत्यविधीसाठीं हेग शहरीं गेला होता. तो तडक तेथल्या रुग्णालयांत गेला आणि चार दिवसांत त्यानें एक रक्तपेढी उभी केली. पोलाक डॅनियल्स ज्यू होते. देश शरण गेला तेव्हां त्यांनीं आणि त्यांच्या पत्नीनें आत्महत्या केली. त्यांच्या जागीं नाझी मताचा मनुष्य आला, आणि त्याच्या हाताखालीं काम करणें नको म्हणून कोल्फ आयसेल नदीकांठच्या कांपेन या लहान गांवच्या रुग्णालयांत निघून गेला.

कृत्रिम मूत्रपिंड तयार झालें तें या गांवांत, शत्रूच्या अमलाखालीं, जेथें धातूचा पत्रा मिळण्याचीहि मारामार होती. कोल्फला मदत मिळाली ती हेंड्रिक बेर्क या कारखानदाराची. त्याचा मुलामा दिलेल्या भांड्यांचा कारखाना होता. लांकडी पट्ट्यांचा एक आडवा पिंजरा करण्यांत आला. त्याच्याभोंवतीं सुमारें वीस मीटर सेलोफेनची नळी वेढे देऊन गुंडाळली, आणि त्याचा खालचा भाग मुलामा दिलेल्या हौदांतील शंभर लिटर खाऱ्या पाण्यांत बुडेल असा तो बसविला. पिंजरा फिरूं लागला म्हणजे नळींतील रक्त आपल्या भारानें नेहमीं खालच्या बाजूस राही आणि वेढ्यावेढ्यानें पुढें सरके. फिरत्या पिंजऱ्यांत स्थिर नळीनें रक्त न्यावयाचें कसें, हा मोठा पेंच होता. तो सुटला फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपाकडे पाहून. तेथला सांधा फिरतो, पण गळत नाहीं. शोधाच्या इतिहासांत मोटार, खाटीक आणि भांडींवाला यांना इतकें मानाचें स्थान क्वचितच मिळालें असेल.

१७ मार्च १९४३ रोजीं २९ वर्षांच्या एका तरुणीवर हें यंत्र प्रथम चालविण्यांत आलें. तिची प्रकृति सुधारली, शुद्धि ताळ्यावर आली. दर वेळीं मात्र नवी धमनी व नवी शीर उघडून तींत कांचेची नळी घालावी लागे, आणि काम झाल्यावर तें रक्तवाहिनीचें तोंड कायमचें बांधून टाकावें लागे. बारा वेळां रक्त धुतल्यावर उघडण्यासारखी जागाच उरली नाहीं, आणि ती गेली. यंत्र हरलें नव्हतें. तिच्या शरीरापर्यंत जाणारी वाट संपली होती. या पहिल्या मृत्यूंतच पुढील सतरा वर्षांचा प्रश्न मांडलेला होता.

कोल्फच्या पहिल्या सोळा रोग्यांपैकीं पंधरा दगावले. सतरावी रोगी ११ सप्टेंबर १९४५ रोजीं आली. ती ६७ वर्षांची, पित्ताशयाच्या विकारामुळें मूत्रपिंडें बंद पडलेली, बेशुद्ध अशी बाई होती. युद्ध संपलें होतें, आणि ती नाझींची पक्षपाती म्हणून तुरुंगांत होती. तिला वांचवूं नये असें वाटणारीं माणसें गांवांत पुष्कळ होतीं. कोल्फनें तिला यंत्रावर घेतलें. अकरा-साडेअकरा तासांनंतर तिनें डोळे उघडले. शुद्धीवर येतांच नवऱ्याशीं काडीमोड घेण्याचा निश्चय तिनें बोलून दाखविला, असें कोल्फ पुढें विनोदानें सांगत असे. तिचीं स्वतःचीं मूत्रपिंडें पुन्हां काम करूं लागलीं आणि ती आणखी कांहीं वर्षें जगून दुसऱ्याच कारणानें वारली. ज्याला त्या राजवटीमुळें गुरु आणि विद्यापीठ दोन्ही गमवावीं लागलीं, त्याच्या हातून पहिलें जीवदान मिळालें तें त्या राजवटीच्या एका चाहतीला.

युद्धानंतर कोल्फनें आपलीं यंत्रें लंडन, न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल, पोलंड अशा ठिकाणीं मोफत पाठविलीं, आणि १९५० मध्यें तो अमेरिकेंत जाऊन राहिला. बोस्टनच्या डॉक्टरांनीं त्याच्या यंत्रांत सुधारणा केल्या. स्वीडनमध्यें निल्स आल्वालनें स्वतंत्र यंत्र केलें. कोरियाच्या युद्धांत तें जखमी सैनिकांच्या उपयोगीं आलें. परंतु हे सर्व रोगी अशा प्रकारचे होते कीं, ज्यांचीं मूत्रपिंडें कांहीं दिवस थबकलीं होतीं व पुन्हां चालू होणार होतीं. ज्यांचीं कायमचीं गेलीं, त्यांना यंत्रावर घेणें म्हणजे मरण पंधरा दिवस लांबविणें, अशीच समजूत होती.

ती समजूत मोडली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरांत. बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरकडे आलेला एक रोगी यंत्रानें सुधारला, पण त्याचीं मूत्रपिंडें परत येणारीं नव्हतीं. त्याला घरीं मरावयास पाठविण्याखेरीज गत्यंतर राहिलें नाहीं. ती टोंचणी घेऊन निजलेल्या स्क्रिब्नरला पहांटे चारच्या सुमारास जाग आली ती एक कल्पना घेऊन. धमनींत एक नळी व शिरेंत एक नळी अशा कायमच्याच बसवाव्या, आणि यंत्र नसेल तेव्हां त्यांचीं बाहेरचीं टोंकें एका वांकड्या नळीनें जोडून टाकावीं, म्हणजे रक्त वाहतें राहील आणि गोठणार नाहीं. यासाठीं टेफ्लॉन हा नवा गुळगुळीत पदार्थ निवडण्यांत आला. वेन क्विंटन या कारागीर एंजिनियरनें त्याच्या नळ्या तापवून वांकविल्या. ९ मार्च १९६० रोजीं विमानाच्या कारखान्यांतील एका यंत्रकामगाराच्या हातावर ही जोडणी झाली. तो मनुष्य त्यानंतर अकरा वर्षें जगला.

अकरा वर्षें! या एका आंकड्यानें डायलिसिसचें स्वरूप पालटलें, आणि त्याबरोबर एक असा प्रश्न उभा राहिला कीं, तसा तो वैद्यकापुढें पूर्वीं क्वचितच आला असेल. १९६२ च्या आरंभीं सिॲटलमध्यें या कामासाठीं रुग्णालयाबाहेरचें पहिलें केंद्र निघालें. खाटा तीन, आणि त्यांवर आशा ठेवून बसलेले मरणोन्मुख रोगी कितीतरी. निवड करण्यासाठीं सात जणांची समिति नेमली गेली: एक वकील, एक धर्मोपदेशक, एक पेढीवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार-पुढारी आणि एक शस्त्रवैद्य. रोग्याचें नांव त्यांना सांगत नसत. पण त्याला मुलें किती, मिळकत काय, शिक्षण किती, तो प्रार्थनामंदिरांत जातो कीं नाहीं, हें सांगत. ‘लाइफ’ साप्ताहिकानें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हें सर्व छापलें आणि अमेरिकेंत खळबळ उडाली. त्या सात जणांना दोष देणें सोपें आहे. त्यांनीं पैसे घेतले नाहींत, आणि आपणहून ती गादीहि मागितली नव्हती. परंतु कोणाचें आयुष्य समाजाला अधिक किमतीचें हें ठरवावयास बसल्यावर आपल्याचसारखीं माणसें अधिक किमतीचीं वाटूं लागतात, हा दोष त्यांच्या निर्णयांत उतरल्यावांचून राहिला नाहीं. ३० ऑक्टोबर १९७२ रोजीं अमेरिकेंत कायदा झाला, आणि अशा जवळजवळ सर्व रोग्यांचा खर्च सरकारनें उचलला. त्यानंतर अशा समित्यांची गरज उरली नाहीं.

सिॲटलच्या त्या समितीनें वयाच्या अटीवर नाकारलेल्या रोग्यांत शाळेंत जाणारी एक मुलगी होती. तिच्यासाठीं लेस बॅब या अणुशास्त्राच्या एंजिनियर-प्राध्यापकानें कांहीं महिन्यांत घरीं ठेवतां येईल असें यंत्र तयार केलें आणि १९६४ मध्यें तें तिच्या घरीं चालूं लागलें. सुरक्षिततेच्या इतिहासांत या यंत्राला मोठें महत्त्व आहे. रुग्णालयांत यंत्राशेजारीं डॉक्टर जागत बसत असे. घरीं रात्रीं कोण बसणार? म्हणून डॉक्टरची नजर यंत्रांतच घालावी लागली. पाणी अधिक ऊन झालें, द्रावणांतील क्षारांचें प्रमाण चुकलें, नळींतील दाब उतरला, पडदा फाटून रक्त पाण्यांत उतरूं लागलें, तर घंटा वाजावी व यंत्र थांबावें, अशी योजना अशा यंत्रांत होत गेली. रक्ताबरोबर हवेचा बुडबुडा शिरेंत गेला तर क्षणांत प्राण जाऊं शकतो. आज परतीच्या नळीवर बसविलेलें एक लहानसें उपकरण बुडबुडा दिसतांच नळी चिमटून टाकतें.

रक्तापर्यंतची वाटहि याच सुमारास अधिक सुरक्षित झाली. टेफ्लॉनची नळी कातडीबाहेर लोंबकळे. तिच्यांत रक्त गोठे, तिच्या कडेनें जंतु शिरत, आणि ती निसटली तर रोगी रक्तबंबाळ होई. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथल्या सैनिकांच्या रुग्णालयांतील ब्रेशिया, चिमिनो व आपेल या डॉक्टरांनीं १९६६ मध्यें दुसरी रीत प्रसिद्ध केली. मनगटाजवळ धमनी आणि शीर आंतल्या आंत एकमेकींस शिवून टाकावयाची. धमनीच्या जोरानें कांहीं आठवड्यांत शीर फुगून जाड होते, आणि मग दर वेळीं तींत सुया टोंचल्या कीं झालें. बाहेर कांहींच राहत नाहीं. हाताला कान लावला तर रक्ताचा घूं घूं आवाज ऐकूं येतो. तो बंद झाला तर डॉक्टरकडे धांवावयाचें, हें रोग्याला प्रथमच शिकवितात. त्या हाताचा रक्तदाब मोजूं देऊं नये, त्यांतून रक्त काढूं देऊं नये, हेंहि.

यंत्र अधिक कार्यक्षम झालें तसा त्याच्या वेगाचाच धोका दिसूं लागला. रक्तांतील युरिया एकदम उतरविला तर मेंदूंतील युरिया मागें राहतो, तो पाणी ओढून घेतो, मेंदु सुजतो, आणि रोग्याला डोकेंदुखी, ओकाऱ्या, झटके येतात. म्हणून नव्या रोग्याचें पहिलें डायलिसिस आजहि मुद्दाम थोडा वेळ आणि सावकाश करतात. एका खोलींत अनेकांचें रक्त उघडें होत असल्यानें काविळीच्या विषाणूंनींहि तेथें ठाण मांडलें. १९६९-७० मध्यें एडिंबरोच्या एका केंद्रांत अशी सांथ आली, तींत रोग्यांबरोबर त्यांची शुश्रूषा करणारेहि मरण पावले. दर रोग्याला हातमोजे बदलणें, काविळीच्या रोग्यांस निराळी खोली व निराळें यंत्र ठेवणें, पुढें लस टोंचणें, हे नियम अशा अनुभवांतून निघाले आहेत.

पण सर्वांत अनपेक्षित शत्रु निघाला तो पाणी. निरोगी मनुष्य आठवड्यांत पंधरा-वीस लिटर पाणी पितो, आणि तेंहि आंतड्यांतून पारखून रक्तांत जातें. डायलिसिसच्या रोग्याच्या रक्ताशेजारून एका बैठकींत सुमारें १२० लिटर, म्हणजे आठवड्यांत साडेतीनशें लिटरांहून अधिक पाणी वाहून जातें. मध्यें असतो तो केंसाहूनहि बारीक जाडीचा पडदा. आणि पडदा दोन्ही दिशांनीं उघडा, हा ग्रॅहॅमचा नियम. नळाचें पाणी पिण्यास उत्तम, तेव्हां यंत्रासहि उत्तम, असें प्रारंभीं गृहीत धरण्यांत आलें होतें. जड पाण्यांतील चुना रक्तांत उतरून रक्तदाब भडके आणि मळमळ सुटे, हें साठीच्या दशकांत कळलें. शहरांतील पाण्यांत जंतुनाशक म्हणून क्लोरॅमीन घालतात; तो पिणाऱ्याला कांहीं करीत नाहीं, पण पडदा ओलांडून रक्तांत आला कीं तांबड्या पेशी फोडतो.

याहून भयंकर प्रकार तुरटीचा. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविणें आपल्याकडे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मोठ्या शहरांचे जलविभागहि याच जातीचा ॲल्युमिनियमचा क्षार वापरून पाणी निवळतात. आंतडें ॲल्युमिनियमला सहसा आंत घेत नाहीं, आणि घेतलें तें मूत्रपिंड बाहेर टाकतें. डायलिसिसच्या रोग्याला हे दोन्ही पहारेकरी नसतात. अमेरिकेंतील डेन्व्हर येथें ॲलन ॲल्फ्री यानें १९७२ मध्यें एका चमत्कारिक रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें यंत्रावर सुखानें असलेले रोगी बोलतांना अडखळूं लागत. मग हातापायांना आंचके, विस्मृति, भ्रम, आणि कांहीं महिन्यांत मृत्यु. १९७६ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, या रोग्यांच्या मेंदूंत ॲल्युमिनियम प्रमाणाबाहेर सांचलेलें असतें. त्याचा संशय आरंभीं रोग्यांना देण्यांत येणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त औषधांवर होता, आणि तोहि खरा ठरला. परंतु इंग्लंडांत निराळाच नकाशा तयार झाला. न्यूकासलसारख्या कांहीं गांवीं यंत्रावरील रोग्यांचीं हाडें पिचत आणि बुद्धि भ्रष्ट होई, तर कांहीं गांवीं तसें घडत नसे. यंत्रें सारखीं, औषधें सारखीं. भिन्न होतें तें नळाचें पाणी. जेथें पाण्यांत ॲल्युमिनियम अधिक, तेथें हा रोग अधिक. यानंतर सूक्ष्म पडद्यांतून दाबानें पाणी गाळून त्यांतील क्षार काढून टाकणारीं यंत्रें डायलिसिसच्या खोलीशेजारीं उभीं राहिलीं, आणि हा रोग विरळ झाला.

इतकें कळल्यावर १९९६ सालचा ब्राझीलमधील प्रकार घडावयास नको होता. कारुआरू या गांवच्या एका केंद्रांत फेब्रुवारी महिन्यांत रोग्यांना अंधुक दिसूं लागलें, मळमळ व ओकाऱ्या सुरू झाल्या. १३१ रोग्यांपैकीं ११६ जणांना ही बाधा झाली आणि १०० जणांचें यकृत निकामी झालें. ७६ रोगी मरण पावले. त्यांपैकीं ५२ मृत्यु या विषबाधेमुळें झाले असा निष्कर्ष निघाला. केंद्राचें पाणी ट्रकनें येई. ज्या जलाशयांतून तें घेतलें जाई त्यांत निळसर-हिरवें शेवाळ माजलें होतें, आणि त्या शेवाळाचें मायक्रोसिस्टिन नांवाचें विष अपुऱ्या शुद्धीकरणांतून सुटून रोग्यांच्या रक्तांत उतरलें होतें. यंत्रांनीं आपलें काम चोख केलें होतें. कोणतीहि घंटा वाजली नाहीं, कारण या विषासाठीं घंटाच नव्हती.

भारत सरकारनें २०१६ मध्यें राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांतून गरिबांना विनामूल्य डायलिसिस देण्याचें ठरविलें. अशा केंद्रांत रोग्यांच्या खोलीमागें आणखी एक खोली असते, तिच्याकडे भेटीस आलेल्यांचें सहसा लक्ष जात नाहीं. तेथें वाळूची गाळणी, मग पाण्याचा जडपणा घालविणारी टांकी, मग क्लोरीन व क्लोरॅमीन शोषून घेणारा कोळसा, मग सूक्ष्म पडदे, अशी ओळ असते. सकाळीं पहिला रोगी खुर्चीवर येण्यापूर्वीं कोळशाच्या टांकीनंतरचें पाणी परीक्षानळींत घेऊन त्यांत क्लोरॅमीनची तपासणी करावयाची असते. लिटरांत दशांश मिलिग्रॅम ही त्याची सीमा आहे; ॲल्युमिनियमची सीमा त्याच्याहि एक दशांश, पण त्यासाठीं नमुना मोठ्या प्रयोगशाळेंत पाठवावा लागतो. नळींतील रंग ठरल्याहून गडद आला तर वहींत तशी नोंद होते, यंत्रें बंद राहतात, आणि कारण सांपडेपर्यंत रोगी बाहेरच्या बांकावर थांबतात.